कुपाटी, कोयता आणि शेजार



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून चैत्र-वैशाखात व्याख्याने ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. या दिवसांत शेतकऱ्याला थोडी उसंत असते, हे त्याचे एक कारण असावे. परंतु उसंत म्हणजे रिकामपण नव्हे. पूर्वी आपल्या या आष्टीच्या शिवारात पाडवा झाला की एक काम हमखास निघे. ते काम म्हणजे धुऱ्यावरची कुपाटी नव्याने घालणे. आजच्या व्याख्यानासाठी आम्ही हाच विषय निवडला आहे. विषय काटेरी आहे, पण आपण सारे त्या काट्यांतूनच आलेलो आहोत. तेव्हा श्रोते अर्ध्यावर उठून जाणार नाहीत, असा आम्हाला भरवसा वाटतो.

आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बीड जिल्ह्यात एक आहे, वर्धा जिल्ह्यात एक आहे. आपली आष्टी परतूर तालुक्यातली. हा तालुका आधी निजामी राज्यात होता, मग परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात आला. राज्याच्या आणि जिल्ह्याच्या हद्दी अशा कागदावर हलतात. शेताची हद्द मात्र कागदावरून राखली जात नाही. ती दरवर्षी हाताने राखावी लागते. या हाताने राखण्याविषयीच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम शब्दांकडे वळू. कुंपण हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. आपल्या भागात काट्याच्या कुंपणाला कुपाटी म्हणतात. तिसरा शब्द आहे वई. संस्कृतात कुंपणाला ‘वृति’ म्हणतात आणि आपली वई तिचीच लेक. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या वृतीविषयी मोठी मौजेची आज्ञा आहे. गावाभोवती गुरांसाठी चराईची जागा सोडावी. तिच्या कडेला ज्याने कुंपणावाचून पीक केले, त्याच्या पिकात गुरे शिरली तर गुराख्याला दंड करू नये. आणि कुंपण घालावयाचे तर ते इतके उंच असावे की उंटाला वरून डोकावता येऊ नये. त्यात भोके असतील तर कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल एवढे भोकसुद्धा बुजवावे. त्या ग्रंथातील इतर पुष्कळ गोष्टी आपण टाकून दिल्या आणि टाकल्या ते योग्यच झाले. परंतु हा नियम लिहिणाऱ्याने शेत पाहिले होते, एवढे मान्य करावे लागेल. यात एक व्यवहार सांगितला आहे. गुरे चारण्याचा हक्क गावाचा आणि पीक राखण्याची जबाबदारी शेतकऱ्याची. कुंपण या दोहोंच्या मध्ये उभे असते.

आपल्या म्हणीही कुंपणाभोवती फिरतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी. ही शेवटची म्हण आपण एकमेकांची अंडीपिल्ली ठाऊक असलेल्या माणसांविषयी वापरतो. पण बोर आणि बाभूळ हीच दोन झाडे तीत का आली, याचा विचार करावा. आपल्या रानात कुंपणाला लागणारी काटी या दोन झाडांचीच असे.

आता कुपाटी घालण्याची रीत पाहू. मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे सुरू होते. रान मोकळे झालेले असते, नांगरट झालेली असते किंवा चालू असते, पाऊस दोन महिने दूर असतो. अशा वेळी बाभळी छाटावयाच्या. बुंध्याला हात लावावयाचा नाही. बुंधा पुढे आउताला लागतो आणि बाभूळ बुंध्यापासून तोडली तर बोरीसारखी जोमाने पुन्हा फुटत नाही. म्हणून खालच्या आणि आडव्या गेलेल्या फांद्याच घ्यावयाच्या. फांदीला आधी खालच्या अंगाने एक घाव आणि मग वरून. हा क्रम चुकला तर अर्धी तुटलेली फांदी आपल्या भाराने बुंध्याची साल सोलीत खाली येते आणि झाडाला जखम होते. तोडलेल्या काटेरी फांदीला शिरी म्हणतात, आणि अशा शिऱ्यांचा ढीग म्हणजे फेसाटी. ती दोन दिवस शेळ्यांपुढे टाकावयाची. शेळ्या पाला आणि शेंगा खातात, काटे आपल्याला ठेवतात. शेळीइतका चोख भागीदार माणसांत मिळणे कठीण.

मग फेसाटी दोराने बांधून बैलांकडून धुऱ्यापर्यंत ओढीत न्यावयाची. धुऱ्यावर वीतभर चर काढलेला असतो. पहिली शिरी ठेवताना तिचा बुडखा शेताकडे आणि शेंडा बाहेर. दुसरी शिरी पहिलीच्या अर्ध्या अंगावर चढवावयाची आणि तिसरी दुसरीच्या. घरावर कौले जशी एकावर एक चढवितात, तशी ही चढण असते. यात खरी खुबी आहे. प्रत्येक शिरी पुढचीच्या भाराखाली दाबली जाते, म्हणून तिला वेगळी बांधावी लागत नाही. गुराने बाहेरून शिंग घातले तर काटे त्याच्याकडे तोंड करून असतात, आणि ओढू गेले तर एक शिरी सुटत नाही, दहा शिऱ्या मिळून अडतात. ओली काटी लवते आणि एकमेकींत बसते, वाळलेली मोडते. म्हणून तोडणे आणि घालणे यांत फार दिवस जाऊ द्यावयाचे नाहीत.

खांब फार लागत नाहीत, ही आपल्या जमिनीच्या दृष्टीने मोठी सोय होती. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीत रोवलेला खांब दोन वर्षांत मान टाकतो. आज तारेच्या कुंपणाचे खांब धुऱ्यावर झिंगल्यासारखे कललेले दिसतात, त्याचे कारण ही भेगाळणारी माती आहे. कुपाटी जमिनीवर बसलेली असते. जमीन हलली की तीही थोडी हलते आणि पुन्हा बसते.

या कामाची हत्यारे थोडी होती, पण प्रत्येकाचे काम ठरलेले होते. पहिली कुऱ्हाड. तिचे पाते गावच्या लोहाराने घडविलेले, धारेच्या बाजूला पोलाद आणि मागे मऊ लोखंड. सारेच पोलाद असते तर बाभळीच्या गाठीवर तुकडा उडाला असता. सारेच लोखंड असते तर धार मुडपली असती. पाते तापवून नेमक्या रंगावर पाण्यात बुडविणे, यालाच पाणी देणे म्हणतात. लोहाराचे सारे शहाणपण त्या एका क्षणात असे. दांडा बसवी सुतार, आणि दांडा बहुधा बाभळीचाच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण ज्याने केली त्याने बाभळीच्या रानात उभे राहूनच ती केली असली पाहिजे.

दुसरे हत्यार कोयता. लहान फांद्या, बारीक काटी आणि बाजूला आलेले फाटे सवळण्यासाठी तो. त्याचे टोक आत वळलेले असते, ते शोभेसाठी नव्हे. हात काट्यांत न घालता त्या टोकाने फांदी ओढून घेता येते. तिसरी आकडी. लांब बांबूच्या टोकाला बांधलेले हे वाकडे पाते घेऊन धनगर आजही मेंढ्यांसाठी पाला पाडतो. चौथे बेळके, म्हणजे दोन फाटे असलेली काठी. कुपाटी घालणाऱ्याचा तो तिसरा हात. शिरी उचलावयाची बेळक्याने, जागेवर ढकलावयाची बेळक्याने आणि वरून दाबावयाची तीही बेळक्याने. ते विकत मिळत नसे. झाडावर दोन फाटे बरोबर कोनात आलेली फांदी दिसली की जाणता माणूस ती हेरून ठेवी. शिवाय चर काढण्यास कुदळ, मेखेसाठी भोक पाडण्यास पहार, आणि पायांत जाड तळाचे पायताण. त्या पायताणाचे कातडे कमावीत ते बाभळीच्या सालीने. म्हणजे काटा बाभळीचा, काटा तोडणाऱ्या कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा, आणि काट्यापासून पाय राखणारे कातडेही बाभळीच्या सालीने कमावलेले. एका झाडाभोवती लोहार, सुतार, चांभार, धनगर आणि कुणबी असे उभे होते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काटे ज्याच्या हातात रुतत, शेत बहुधा त्याचे नसे. तो सालगडी असे, वर्षाच्या बोलीवर राहिलेला. शिवाय गावाला जशी शेताची कुंपणे होती, तशी गावाभोवती कूसही होती. त्या कुसाबाहेर आपण आपल्याच माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवले. कुंपणाचे गुणगान करताना गावकुसाचा विसर पडू देऊ नये. गुरे अडविण्यासाठी घातलेला काटा आणि माणसे अडविण्यासाठी घातलेली भिंत यांत भेद आहे. तो भेद ज्याला कळत नाही, त्याच्या हातात कोयता देऊ नये.

कुपाटी हे मेलेल्या काट्यांचे कुंपण झाले. दुसरा प्रकार जिवंत वईचा. मळ्याभोवती, फळबागेभोवती, कायमच्या पांदणीच्या दोन्ही अंगांना ती असे. तिच्यात साबर, शेर, केकताड, सागरगोटा, चिल्हार, करवंद, मेंदी, निर्गुडी अशी झाडे येत. चिल्हारीचे एक जुने शास्त्रीय नाव ‘सेपियारिया’ असे आहे. ‘सेपेस’ म्हणजे लॅटिन भाषेत कुंपण. शेर लवकर वाढतो, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून पोरे जेथे खेळतात तेथे तो लावू नये. केकताड, म्हणजे घायपात, मेक्सिकोकडून आलेले. त्याच्या पानांच्या वाखाचे दोर होतात. रेल्वेने रुळांच्या कडेने ते पुष्कळ लावले.

फड्या निवडुंगाची कथा तर प्रत्येक शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. हाही अमेरिकेतला. कुंपणाला सोपा म्हणून लोकांनी लावला. फडे तोडून टाकले तरी जेथे पडेल तेथे रुजे. पाहता पाहता त्याने कुंपण सोडून शेत धरले, आणि कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण अक्षरशः खरी झाली. शेवटी १९२६ साली सिंहलद्वीपातून त्याच्यावर जगणारा एक बारीक किडा आणून सोडला. त्या पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किड्याने थोड्या वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने बसविली. वेड्या बाभळीवर असा उपाय सापडलेला नाही. तीही बाहेरचीच, एकोणिसाव्या शतकात या देशात आली. तिच्या शेंगा गुरे खातात आणि शेणावाटे बी शिवारभर पेरतात. तोडली तर दुप्पट फुटते. आज ओढ्याकाठी आणि गायरानात जी दाटी दिसते ती बहुतांशी तिची. परदेशी झाड कुंपणाला लावण्याआधी ते आवरता येईल काय, हा प्रश्न विचारावा, एवढा धडा यातून घ्यावा.

मेलेला काटा बरा की जिवंत वई बरी, हा वाद आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर लढला गेला आणि तो एका सरकारी अधिकाऱ्याच्या दप्तरात लढला गेला. इंग्रज सरकारने मिठावर जबर कर बसविला होता. स्वस्त मीठ कराच्या मुलखात शिरू नये म्हणून सिंधू नदीपासून ओरिसाकडे महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली. १८६९ साली ती सुमारे २,३०० मैल लांब होती आणि सुमारे १२,००० माणसे तिच्यावर पहारा करीत. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, तापीकाठच्या बऱ्हाणपुरावरून ती जाई. म्हणजे आपल्यापासून फार दूर नव्हती. या रेषेवर आरंभी काट्यांची कुपाटी घातली. जकात खात्याचे त्या वेळचे आयुक्त अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसले की एका मैलाला सुमारे २५० टन काटी लागते आणि ती दूरवरून वाहून आणावी लागते. वाळवी खाते, वणवा लागतो, वादळ उडविते, आणि दरवर्षी जवळजवळ निम्मी कुपाटी नव्याने घालावी लागते. तेव्हा ह्यूमसाहेबांनी जिवंत वई लावण्याचा सपाटा लावला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर ही आपल्या ओळखीचीच झाडे. पुढे दहा वर्षांच्या आत चारशे मैलांहून अधिक लांबीची, माणसाला पार होता येणार नाही अशी हिरवी वई उभी राहिली.

१ एप्रिल १८७९ रोजी ती रेषा सरकारने मोडली. कर गेला नाही, तो वसूल करण्याची दुसरी तजवीज झाली एवढेच. वईची निगा थांबली आणि ती नाहीशी झाली. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी वर्षानुवर्षे शोध करून तिची हकीकत २००१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळांना तिचे नाव प्रथमच कळले. इतकी प्रचंड वई सव्वाशे वर्षांत लोकांच्या स्मरणातूनही जावी, याचे कारण उघड आहे. ती लोकांची नव्हती. तिच्या अलीकडे आणि पलीकडे शेजारी राहत नव्हते, पहारेकरी राहत होते. पुढे हेच ह्यूम १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढे होते, हाही इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

ह्यूम यांच्या मायदेशात वई राखण्याची एक निराळी रीत आहे. ती आपल्याकडे नाही आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जुनी तर ती इतकी की, आजच्या बेल्जियमच्या भागातील एका टोळीने कोवळी झाडे कापून, वाकवून, त्यांत काटेरी झुडपे गुंतवून भिंतीसारख्या वया केल्या होत्या, असे ज्यूलियस सीझरने इसवी सनापूर्वी ५७ साली केलेल्या मोहिमेच्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे. इंग्लंडात हिवाळ्यात झाडांची पाने झडलेली असतात, तेव्हा हे काम करतात. उंच वाढून खाली विरळ झालेल्या वईतील एकेक खोड जमिनीजवळ कोयत्याने तिरके कापावयाचे, पण तोडावयाचे नाही. सालीची आणि थोड्या लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवावयाची. मग ते खोड कुंपणाच्या दिशेने तिरके आडवे करावयाचे. त्या पट्टीतून रस चढत राहतो, खोड जगते, आणि कापलेल्या बुडख्यातून नवे सरळ कोंब फुटतात. मध्येमध्ये मेखा ठोकून वरून लवचीक फांद्यांची वेणी घालतात. अशी आडवी घातलेली वई पंधरा-वीस वर्षे टिकते. त्यांचे हत्यारही आपल्या कोयत्याचे भावंडच शोभेल असे, टोकाला आत वळलेले. त्या देशात परगण्यापरगण्याला त्याचा आकार निराळा.

या कामाचे मर्म एवढेच आहे की घाव किती घालावा हे कळले पाहिजे. घाव कमी पडला तर खोड वाकत नाही, फाटते. जास्त पडला तर मरते. आपला कुपाटी घालणारा काटा पूर्ण तोडतो, इंग्रज शेतकरी अर्धा तोडतो. परंतु दोघांनाही एक गोष्ट ठाऊक आहे. कुंपण एकदा करून सोडून देण्याची वस्तू नाही. मेलेली कुपाटी दरवर्षी भरावी लागते, जिवंत वई दरवर्षी छाटावी लागते. न छाटलेली वई वर जाते आणि खाली भोके पडतात. शेळी खालूनच शिरते.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. कुपाटी आपल्या शिवारातून का गेली? तिला कोणी हाकलून दिले नाही, तिचे पाय एकेक करून निघाले. वाटण्या होऊन शेते अरुंद झाली. धुऱ्यावरची बाभूळ पिकावर सावली धरते म्हणून गेली. धुराच दोन्ही बाजूंनी नांगरून बारीक झाला आणि त्यावर कुपाटीला जागा उरली नाही. सालगडी मिळेनासा झाला. कोयता तर आपल्या बीड-जालना भागातून ऊस तोडण्यास दूरच्या मुलखात गेला. दिवाळीच्या सुमारास गेलेले ऊसतोड कामगार चैत्राच्या आसपास परत येतात. ज्या हंगामात धुऱ्यावर कोयता चालावयाचा, त्या हंगामात कोयता आणि माणूस दोन्ही थकून घरी आलेले असतात. लोहाराच्या भात्याचे तर विचारावयासच नको. जालना शहर आज लोखंडी सळ्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, पण बेतशीर पाणी दिलेला कोयता हवा असेल तर माणसाला चार गावे फिरावे लागते.

काट्याची जागा तारेने घेतली. अमेरिकेत जोसेफ ग्लिडन याने १८७४ साली काटेरी तारेच्या एका प्रकाराचे पेटंट घेतले आणि थोड्या वर्षांत तिकडची कुरणे तारेने बांधली गेली. तार जागा अडवीत नाही, सावली धरीत नाही, एका दिवसात होते. हे तिचे गुण खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आपल्याकडे आता प्रश्न गुरांचा राहिलेला नाही, रोही आणि रानडुकरांचा आहे. रोही तार ओलांडतो, डुक्कर तारेखालून जाते. रात्रभर जागून शेतकरी मेटाकुटीस येतो. मग कोणी तारेत घरची वीज सोडतो. हे बेकायदा आहे, हे त्यालाही ठाऊक असते. सौर यंत्रावरचे कुंपण थांबून थांबून क्षणभराचा झटका देते आणि जनावर परतते. घरची वीज थेट सोडलेली तार मात्र धरलेल्याला सोडीत नाही. डुकरासाठी सोडलेल्या विजेने शेजारी गेला, राखणीला आलेला घरचाच मुलगा गेला, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. बाभळीच्या काट्याने आजवर पायात कुरूप झाले असेल, प्राण गेला नाही. कुंपण कोणाला अडवावे आणि किती दुखवावे, याची मर्यादा जुन्या काट्याला होती. ही मर्यादा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

दुसरीही एक गोष्ट गेली. कुपाटी दोघांच्या धुऱ्यावर असे. काटी एकाच्या बाभळीची, बैल दुसऱ्याचे, आणि खिंडार कोणी पाडले याचा निकाल उभ्या उभ्या लागे. वर्षातून एकदा दोन शेजारी हद्दीवर एकत्र उभे राहत आणि हद्द कोठे आहे हे एकमेकांच्या देखत पुन्हा ठरे. आज ती तहसील कचेरीत ठरते. शेतात जाण्याच्या वाटेचे तंटे तहसीलदारापुढे चालतात. पांदणी बुजल्या म्हणून २०२१ साली शासनाला पाणंद रस्त्यांची योजना आणावी लागली. धुरा कोरला गेला तेव्हा पांदणही कोरली गेली, कारण दोहोंना राखणारी वई गेली होती. वईबरोबर तिच्यातले बिऱ्हाडही गेले. मुंगूस, सरडे, तितर, आणि तो खाटीक पक्षी, जो टोळ पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. उंदरांचा आणि टोळांचा फडशा पाडणारे हे बिनपगारी राखणदार होते.

मग काय करावे? सारी शिवारे पुन्हा कुपाटीने बांधा, असे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. ते होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. परंतु ज्यांचा मळा आहे, फळबाग आहे, विहिरीभोवतीचा तुकडा आहे, त्यांनी एका बाजूला तरी जिवंत वई लावून पाहावी. मृगाच्या पावसावर सागरगोटा, चिल्हार किंवा करवंद दोन ओळींत, हात-दीड हात अंतराने, एका ओळीतले झाड दुसरीतल्या दोन झाडांच्या मधोमध येईल असे लावावे. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखावे लागेल. त्यासाठी वेड्या बाभळीची काटी घालावी, म्हणजे ओढाही थोडा मोकळा होईल आणि त्या झाडाकडून पहिल्यांदाच काही काम घेतले जाईल. तिसऱ्या वर्षापासून दर उन्हाळ्याच्या अखेरीस छाटणी. वई कमरेएवढी असतानाच शेंडे खुडावे, म्हणजे ती खालून दाट होते. उंचीपेक्षा जाडी महत्त्वाची. पलीकडे काय आहे हे दिसत नसेल आणि पाय कोठे टेकेल हे कळत नसेल, तर जनावर उडी घेताना बिचकते. जेथे रोही फारच त्रास देतात, तेथे वईच्या आतल्या अंगाला सौर तार असावी. दोहोंचे भांडण नाही.

आणि ज्याला हौस आहे त्याने धुऱ्यावरची जुनी बोर घेऊन पाऊस लागताच तिचे एक खोड अर्धे कापून आडवे घालून पाहावे. बोर बुडख्यातून फुटण्यात कोणाला हार जाणारी नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या शेजारी आहे. असल्या चार ओळी त्यांच्या प्रक्षेत्रावर घालून कोणते झाड किती घाव सोसते याची नोंद ठेवली, तर मराठवाड्याला आपली स्वतःची रीत मिळेल.

त्याहून निकडीचे काम गावातच आहे. या सभेत साठीच्या पुढचे जे गृहस्थ बसले आहेत, त्यांपैकी पुष्कळांनी बेळके हातात धरलेले असेल. शिरीचा बुडखा कोणीकडे, शेंडा कोणीकडे, कोयत्याला धार कोठून द्यावी, हे ज्ञान त्यांच्या मनगटात आहे, पुस्तकात नाही. येत्या चैत्रात शाळेच्या बागेभोवती दहा हात कुपाटी मुलांच्या हातून घालून घ्यावी आणि त्या मुलांना या वडील मंडळींनी शिकवावे, अशी आमची आष्टीकरांना विनंती आहे. दहा हातांना एक दिवस लागेल. काटे रुततील, तेही शिक्षणच होय. आणि शाळेची कुपाटी घालावयाची तर कुणब्याच्या मुलाने आणि सालगड्याच्या मुलाने एकाच शिरीचे दोन शेंडे धरून ती घालावी. पूर्वी जे राहिले ते या दहा हातांपुरते तरी भरून निघेल.